जुन्या मोटारसायकलीसाठी नवे टायर निवडताना

पहिला पाऊस पडला की रस्त्यावर वर्षभर साचलेले तेल, धूळ आणि रबराची भुकटी यांचा बुळबुळीत थर तयार होतो आणि चौकाचौकांत, पुलांच्या उतारांवर, पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यांवर दुचाकी घसरू लागतात. दोष बहुधा रस्त्याला दिला जातो आणि तो अनेकदा रास्तही असतो. मात्र घसरलेली गाडी पंधरा-वीस वर्षे जुनी असेल, तर तिच्या पुढच्या चाकाकडेही एकदा पाहायला हवे. तेथे बहुतेक वेळा खाचा शाबूत असलेला, वरवर धडधाकट दिसणारा, परंतु आठ-दहा पावसाळे पाहिलेला टायर आढळतो. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून तो वेळच्या वेळी बदलला जातो. पुढचा सहजासहजी झिजत नाही, म्हणून तो राहून जातो. जुन्या, कमी क्षमतेच्या मोटारसायकलींच्या बाबतीत हा पुढचा टायरच सर्वाधिक दुर्लक्षित आणि सर्वाधिक धोकादायक ठरतो.

महाराष्ट्राच्या गावागावांत आजही अशा मोटारसायकली मोठ्या संख्येने धावत आहेत. १९८५ मध्ये आलेली हीरो होंडाची सीडी १००, त्याच वर्षी एस्कॉर्ट्सने आणलेली आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलेली यामाहा आरएक्स १००, १९९४ पासूनची स्प्लेंडर, बजाजची बॉक्सर आणि २००४ ची सीटी १०० ही त्यांतील ठळक नावे. यांपैकी काही गाड्या हौसेने जपल्या जातात, पण बहुसंख्य गाड्या रोजच्या कामाच्या आहेत. दुधाच्या किटल्या, पिठाचे डबे, शाळेची मुले आणि बाजारचे ओझे त्या वाहतात. त्यांची दोन्ही चाके ड्रम ब्रेकची असतात. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून अनिवार्य झालेली संयुक्त ब्रेक प्रणाली किंवा एबीएस यांत असण्याचा प्रश्नच नाही. अशा वाहनावर नवा टायर ही सुरक्षिततेसाठी करता येण्याजोगी सर्वांत मोठी आणि सर्वांत परवडणारी सुधारणा असते.

रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध किती जागेचा येतो, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. मागच्या चाकावर १६० किलो भार आहे आणि टायरमधील हवेचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर अडीच किलो आहे असे धरले, तर जमिनीला टेकलेली जागा सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर भरते. टपाल खात्याच्या साध्या पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढी. पुढच्या चाकाखाली ती याहूनही कमी असते. चालक, मागे बसलेली व्यक्ती आणि सामान या साऱ्यांची मदार या दोन छोट्या ठिगळांवर असते.

बाजूवरील आकडे

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न ‘गाडी कोणती?’ असा विचारला जातो. नव्या गाडीसाठी तो पुरेसा असतो, जुन्यासाठी नाही. वीस वर्षांत दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या गाडीची रिम बदललेली असू शकते. एखाद्या अपघातानंतर दुसऱ्याच मॉडेलचे चाक बसवलेले असते, किंवा कोणी हौसेने अलॉय चाके घातलेली असतात. त्यामुळे गाडीचे नाव सांगण्याआधी रिमवर कोरलेले माप वाचावे. १.६० × १८ किंवा १.८५ × १८ अशा स्वरूपात ते असते. पहिला आकडा रिमची आतील रुंदी इंचांत सांगतो, दुसरा तिचा व्यास. बॉक्सर आणि सीटी १०० या गाड्यांची चाके १७ इंची, तर स्प्लेंडर व आरएक्सची १८ इंची. एक इंचाचा हा फरक डोळ्यांना चटकन जाणवत नाही, पण १७ चा टायर १८ च्या रिमवर बसत नाही आणि उलटही नाही.

टायरवर दोन पद्धतींनी माप लिहिलेले आढळते. जुनी पद्धत इंचांची. उदाहरणार्थ, २.७५-१८. येथे टायरची रुंदी पावणेतीन इंच आणि रिमचा व्यास १८ इंच, असा अर्थ होतो. नवी पद्धत मिलिमीटरची. ८०/१००-१८ म्हणजे रुंदी ८० मिलिमीटर, टायरची उंची त्या रुंदीच्या १०० टक्के आणि रिम १८ इंची. ९०/९०-१८ मध्ये उंची रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे ८१ मिलिमीटर. टायरचा पूर्ण व्यास काढायचा तर रिमचे ४५७ मिलिमीटर आणि उंचीची दुप्पट यांची बेरीज करावी. ८०/१००-१८ चा व्यास ६१७, ९०/९०-१८ चा ६१९ आणि १००/९०-१८ चा ६३७ मिलिमीटर येतो. जुना २.७५-१८ यांपेक्षा थोडा लहान, ६०० मिलिमीटरच्या किंचित वर असतो.

मापानंतर येणारा आकडा आणि अक्षर यांकडे ग्राहक क्वचितच पाहतो. खरे तर मागच्या टायरसाठी तेथेच सर्वांत महत्त्वाची माहिती असते. २.७५-१८ ४२पी आणि २.७५-१८ ४८पी हे दोन टायर मापाने सारखे आहेत, एकाच रिमवर बसतात आणि दुकानात शेजारी टांगलेले असतात. पण ४२ हा निर्देशांक असलेला टायर १५० किलो भारासाठी, तर ४८ चा १८० किलोंसाठी बनवलेला असतो. जुन्या स्प्लेंडरला कंपनीने पुढे ४२ चा आणि मागे ४८ चा टायर दिला होता, तो उगीच नव्हे. ११० किलोंच्या आसपासची गाडी आणि तिच्यावर प्रत्येकी ६५ किलोंच्या दोन व्यक्ती असे धरले, तर एकूण वजन २४० किलो होते. त्याचा दोन तृतीयांश भाग, म्हणजे सुमारे १६० किलो, मागच्या चाकावर येतो असे मानल्यास ४२ चा टायर तेथे पहिल्या दिवसापासूनच अपुरा ठरतो. किटल्या लादल्यानंतरची गोष्ट वेगळीच. ‘माप तेच आहे, चालून जाईल’ या एका वाक्यावर पुढचा टायर मागे बसवला जाण्याचे प्रकार घडतात. ग्राहकाने हा आकडा स्वतः वाचलेला बरा.

काही टायरवर निर्देशांकासोबत किंवा त्याऐवजी ४पीआर, ६पीआर असेही लिहिलेले असते. पूर्वी हे आकडे टायरमधील सुती धाग्यांच्या थरांची प्रत्यक्ष संख्या सांगत. नायलॉन आल्यानंतर थर कमी झाले, तरी मजबुतीची श्रेणी म्हणून आकडे टिकून राहिले. मागच्या चाकासाठी सहसा ६पीआर अपेक्षित असतो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे. ‘जे’ म्हणजे ताशी १०० किलोमीटर, ‘एल’ म्हणजे १२० आणि ‘पी’ म्हणजे १५०. शंभर सीसीच्या गाडीला ‘पी’ पुरून उरतो, त्याहून वरच्या श्रेणीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

जाड टायरचा मोह

‘मागे थोडा जाड टाका, गाडी भारी दिसते,’ हा सल्ला प्रत्येक शहरातल्या प्रत्येक टायरच्या दुकानात मिळतो. पल्सर, सीबीझेडसारख्या गाड्यांनी मागचा १००/९० चा रुंद टायर लोकप्रिय केला आणि तेव्हापासून शंभर सीसीच्या गाड्यांनाही तो चढवण्याची हौस पसरली. जाड टायरची पकड जास्त, असा सर्वसाधारण समज आहे. तो रिमही तेवढीच रुंद असेल तर काही अंशी खरा ठरतो. १.६० इंचांच्या अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि सरळ चालताना जमिनीला टेकणारा पट्टा उलट चिंचोळा होतो. असा टायर मधोमध लवकर झिजतो, वळणावर गाडी झुकवताना एकदम कलल्यासारखी वाटते आणि बाजूच्या भिंतीवर नको तेथे ताण पडतो. ९०/९० च्या टायरसाठीही १.६० ची रिम अपुरी आहे.

तोटे तेवढ्यावर थांबत नाहीत. मोठ्या व्यासाचा टायर म्हणजे प्रत्यक्षात उंच झालेला गिअर. २.७५-१८ च्या जागी १००/९०-१८ बसवल्यास चाकाचा घेर सुमारे पाच टक्क्यांनी वाढतो. सात-आठ अश्वशक्तीच्या आणि दोन-तीनदा बोअर झालेल्या इंजिनाला हे ओझे घाटात लगेच जाणवते. मायलेज घटते. ब्रेकचा ड्रम मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे तेवढ्याच दाबाला जमिनीवर मिळणारी रोखण्याची शक्ती कमी होते. जाड टायर चेन कव्हरला, मडगार्डच्या बोल्टला किंवा स्विंग आर्मला घासण्याची शक्यता असते ती निराळी. दुकानात चाक मोकळे फिरले म्हणून समाधान मानू नये. ताणलेल्या जुन्या चेनमुळे चाक मागे सरकवलेले असते. पुढे कधी नवी चेन आणि स्प्रॉकेट बसवले की तेच चाक पुढे येते आणि तोवर न घासणारा टायर घासू लागतो. दोघे बसून खड्ड्यातून गेल्यावर शॉकअप पूर्ण दबतात, तेव्हाही मडगार्डपर्यंतचे अंतर उरायला हवे.

मूळ मापाला चिकटून राहावे, हा यावरचा साधा नियम. त्याला अपवाद आहेत, पण ते मोजके. स्प्लेंडरच्या पुढील पिढ्यांना कंपनीनेच ८०/१००-१८ चे टायर दिले, पुढे ४७पी आणि मागे ५४पी. त्यामुळे जुन्या स्प्लेंडरधारकाला २.७५ चा मनाजोगा टायर मिळाला नाही, तर हे माप रिम पाहून स्वीकारता येते. ५४ चा निर्देशांक २१२ किलोंचा असल्याने ओझे वाहणाऱ्यांना तो सोयीचाही आहे. आरएक्स १०० ची अडचण वेगळी. तिचा पुढचा टायर २.५०-१८ चा आणि मागचा २.७५-१८ चा. अडीच इंची टायर आता सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून अनेकजण पुढेही २.७५ बसवतात. एक पायरीचा हा बदल रिमला पेलतो, मडगार्डमध्ये जागा आहे ना एवढे पाहावे लागते. मात्र या गाडीचा वेगदर्शक पुढच्या चाकावर चालतो. घेर सुमारे तीन टक्क्यांनी वाढल्याने काटा प्रत्यक्षापेक्षा तेवढा कमी वेग दाखवतो. पोलिसांच्या वेगमापकाला अर्थातच ही सबब चालत नाही.

टायरचेही वय असते

रबर केवळ घासल्याने संपत नाही. हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन, ऊन, उष्णता यांमुळे ते हळूहळू कडक होत जाते. त्यातील मऊपणा टिकवणारी तेले उडून जातात. कडक रबर खडबडीत डांबराच्या बारीक उंचवट्यांमध्ये रुतत नाही आणि पकड तर या रुतण्यातूनच मिळते. कोरड्या रस्त्यावर हे लपून जाते. ओल्या रस्त्यावर, विशेषतः झेब्रा पट्ट्यांचा रंग, मॅनहोलचे लोखंडी झाकण, घासून गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक यांवर ते एकाएकी उघडे पडते. ब्रेक दाबताच वाहनाचा भार पुढे ढकलला जातो आणि रोखण्याच्या कामाचा निम्म्याहून बराच अधिक वाटा पुढच्या चाकाला उचलावा लागतो. नेमका तेथेच सर्वांत म्हातारा टायर असतो. ‘पुढचा ब्रेक मारला की गाडी घसरते’ ही जुन्या चालकांमध्ये खोलवर रुजलेली भीती काही प्रमाणात या मेलेल्या रबराचीच देणगी असावी. भीतीपोटी ते फक्त मागचा ब्रेक वापरतात, गाडी थांबायला कितीतरी अधिक अंतर लागते.

वय ओळखणे अवघड नाही. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, अर्थात त्या वर्षीचा जून. हे आकडे एकाच बाजूला असू शकतात, म्हणून टायर उलटवून पाहावा. चारऐवजी तीनच आकडे आढळले, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे असे समजावे. गोठ्यात किंवा वाड्याच्या देवडीत उभी राहिलेली आरएक्स बाहेर काढणाऱ्यांना असे टायर खरोखर भेटतात. खाचा कितीही खोल असोत, त्यांवर गाडी चालवू नये. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी नीट तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर तो दिसायला चांगला असला तरी काढून टाकावा, अशी टायर उत्पादकांची सर्वसाधारण शिफारस आहे. आपल्याकडील ऊन आणि सतत उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या पाहता, सहाव्या-सातव्या वर्षीच पुढचा टायर बदलणे शहाणपणाचे ठरेल.

आकडे पुसले गेले असतील, तर अंगठ्याचे नख खाचांमधील रबरात दाबून पाहावे. जिवंत रबर दबते आणि पुन्हा भरून येते. कडक झालेल्या रबरावर नख घसरते. खाचांच्या तळाशी आणि बाजूच्या भिंतीवर केसांसारख्या बारीक भेगा दिसू लागल्या, की निर्णय झाल्यातच जमा आहे. खाचांची खोली हा कायद्याचा विषय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार दुचाकीच्या टायरच्या खाचा किमान ०.८ मिलिमीटर असल्या पाहिजेत. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे छोटे उंचवटे मुद्दाम ठेवलेले असतात. त्यांची जागा बाजूवर त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय या अक्षरांनी दर्शवलेली असते. वरचे रबर त्या उंचवट्याला टेकले की टायर संपला. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी परिवहन कार्यालयात न्यावी लागते, तेव्हाही टायर पाहिले जातात. काही ठिकाणी गुळगुळीत टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या खाचा कोरून देतात. आधीच पातळ झालेल्या रबराची उरलीसुरली जाडीही त्यात जाते. दुचाकीच्या टायरबाबत असला उद्योग टाळलेलाच बरा. रबर चढवून मिळणारे रिमोल्ड टायर आणि जुन्या बाजारातील वापरलेले टायर यांनाही हेच लागू, पुढच्या चाकाला तर ते कधीच लावू नयेत.

नवा टायर घेतानाही तारीख पाहण्याची सवय लावून घ्यावी. कमी खपाची मापे दुकानात दोन-दोन वर्षे पडून राहतात आणि जुन्या गाड्यांची मापे नेमकी त्यातच मोडतात. सहा महिन्यांच्या आतला टायर मिळाल्यास उत्तम. वर्षभरापर्यंतचा, थंड आणि सावलीच्या जागी ठेवलेला असल्यास हरकत नसावी. त्यापुढचा दुकानदार सवलतीत देत असला तरी नाकारावा. टायरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५६२७ हा मानक क्रमांक असायला हवा. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरसाठी हे भारतीय मानक आहे आणि केंद्राच्या २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने ते बंधनकारक केले. पक्की पावती घ्यावी, तिच्यावर टायरचा क्रमांक लिहून घ्यावा. पुढे टायरला फुगा आला किंवा तारा सुटल्या, तर कंपनीकडे दाद मागताना त्याचाच उपयोग होतो.

कोणत्या रस्त्यावर कोणती नक्षी

नक्षीविषयी चर्चा फार होते. खरे तर हा तुलनेने कमी महत्त्वाचा भाग आहे. पुढच्या टायरवर गोलाकार सरळ धावणाऱ्या खाचा असतील तर त्याला रिब टायर म्हणतात. तो गाडीला दिशा धरून ठेवण्यास मदत करतो, म्हणून मागे लावू नये. मागच्या टायरवर आडवे-तिरपे ठोकळे असतात, ते जोर लावण्यासाठी. डांबरी रस्त्यावर नित्य फिरणाऱ्याने साधी, जवळजवळच्या ठोकळ्यांची नक्षी निवडावी. शेतावर, ऊसतोडणीच्या काळात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येणाऱ्या चिखलातून किंवा कोकणातल्या तांबड्या मातीच्या पाणंदीतून रोज जाणाऱ्याला मागे बटण टायर उपयोगी पडतो. मात्र तो चांगल्या रस्त्यावर आवाज करतो, त्याचे थोडेच रबर जमिनीला टेकते आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला अंतर जास्त घेतो. पुढच्या चाकाला बटण टायर लावण्याचे धाडस गावातल्या गावात फिरणाऱ्यानेच करावे.

एमआरएफ, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, जेके, अपोलो अशा अनेक कंपन्यांचे टायर या मापांत मिळतात. कोणती कंपनी श्रेष्ठ यावर गॅरेजमध्ये तासन् तास वाद रंगतो. या वर्गातील गाड्यांसाठी कंपनीपेक्षा योग्य निर्देशांक आणि ताजी तारीख यांचे वजन अधिक आहे. जास्त किलोमीटर टिकणारा टायर सहसा कडक रबराचा असतो, तर चांगली पकड देणारा मऊ आणि लवकर झिजणारा. ओझे वाहणाऱ्या गाडीला मागे टिकाऊ टायर चालेल. पुढे मात्र पकडीलाच प्राधान्य द्यावे, तेथे टिकाऊपणाचा उपयोगच होत नाही. झिजण्यापूर्वीच तो वयाने बाद होणार आहे.

ट्यूब, ट्यूबलेस आणि रिम

तारांच्या चाकात प्रत्येक तारेच्या टोकाशी रिमला भोक असते. तेथून हवा निसटते, म्हणून साध्या तारांच्या चाकाला ट्यूब हवीच. ट्यूबलेस टायर ट्यूब घालून अशा रिमवर वापरता येतो, उत्पादकाची तशी परवानगी असल्यास. उलट, ट्यूबचा टायर ट्यूबशिवाय वापरणे सर्वथा वर्ज्य. अलॉय चाके आहेत म्हणजे ती ट्यूबलेसच, हाही गैरसमज. सुरुवातीच्या काळातील बहुतेक अलॉय चाके ट्यूबच्याच टायरसाठी होती. खऱ्या ट्यूबलेस रिमच्या आतल्या कडेला एक उंचवटा असतो. हवा कमी झाली तरी टायरची कड रिमवरून निसटू नये, हे त्याचे काम. रिमवर ट्यूबलेस अशी अक्षरे नसतील तर व्हॉल्व्ह बदलून ती ट्यूबलेस करून देणाऱ्याच्या बोलण्यावर विसंबू नये.

नव्या टायरसोबत नवी ट्यूब घ्यावी. चार ठिगळांची ट्यूब वाचवून शंभर-दोनशे रुपये हाती राहतात. पण जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते, ती नव्या टायरमध्ये दुमडते आणि घडीवर फाटते. ट्यूबचे पंक्चर ट्यूबलेससारखे हळूहळू होत नाही. खिळ्याने ती चिरली, तर काही सेकंदांत मागचे चाक बसते आणि गाडी डोलू लागते. ट्यूब आणि रिम यांच्या मध्ये तारांची टोके झाकणारी रबरी पट्टी असते. ती तुटलेली असेल तर बदलावी. कोकण आणि गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने लोखंडी रिम आतून गंजतात. गंजाचे पापुद्रे ट्यूबला आतून कुरतडतात आणि वारंवार होणाऱ्या पंक्चरचे कारण सापडता सापडत नाही. टायर उतरवलेला असताना रिम घासून, रंग देऊन घेण्याची हीच वेळ.

त्याच वेळी चाकाचा आउट काढून घ्यावा, सैल तारा कसाव्यात, चाकाचे बेअरिंग आणि हँडलचा कोनसेट तपासावा. पुढच्या टायरवर एका बाजूला किंवा मध्ये मध्ये खड्डे पडल्यासारखी झीज झाली असेल, तर दोष टायरचा नसून कोनसेटचा किंवा शॉकअपचा असतो. तो दूर न करता नवा टायर घातल्यास त्याचीही तीच गत होते.

बसवताना आणि बसवल्यानंतर

टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो पाळावा. लोखंडी पट्टीने शेवटची कड चढवताना ट्यूब चिमटते, हे नव्या ट्यूबच्या पंक्चरचे नेहमीचे कारण. साबणाचे पाणी वापरल्यास जोर कमी लागतो. हवा भरल्यानंतर एकदा पूर्ण सोडून पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबच्या घड्या उलगडतात. रिमलगत टायरवर एक बारीक रेषा असते. ती रिमपासून सर्वत्र सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. एके ठिकाणी ती आत गेलेली असेल, तर टायर नीट बसलेला नाही आणि चाक उड्या मारणार. व्हॉल्व्ह सरळ उभा असावा. पुढे कधी तो तिरका झालेला दिसला, तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकत आहे, असे समजावे.

हवेचा दाब गाडीच्या पुस्तिकेत किंवा स्टिकरवर दिलेला असतो. शंभर सीसीच्या गाड्यांत तो साधारणतः पुढे २५ पाउंड, मागे एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी त्याहून बराच जास्त, काही गाड्यांत ४० पर्यंत असतो. पेट्रोल पंपावर दोन्ही चाकांत सरसकट ३५ भरून घेण्याची पद्धत चुकीची आहे. त्यामुळे पुढचे चाक टणक होऊन खड्ड्यावर उडते. हवा टायर थंड असताना, दोन-तीन किलोमीटरांच्या आत तपासावी.

नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून आलेला असतो, तो सुरुवातीला गुळगुळीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नये आणि ब्रेक बेताने लावावेत. म्हणूनच टायर बदलण्याचे काम पाऊस सुरू झाल्यावर नव्हे, मे महिन्यातच उरकावे. आठवडाभरात तारा आणि एक्सलचा नट पुन्हा एकदा तपासून घ्यावा.

काढलेला टायर घरी आणून गच्चीवर किंवा परसात टाकू नये. त्यात साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. तो दुकानदाराकडेच सोडावा. मात्र तो पुन्हा कोणाच्या चाकावर चढू नये म्हणून कड कापून घेतलेली चांगली.